तिकीट बँडचं काढावं

नाइटविश, एपिका, विदिन टेम्प्टेशन असला युरोपातला सिम्फॉनिक मेटल बँड आपल्या शहरात येतोय असं कळलं की अमेरिकेतली आपली पोरं मला विचारतात, "दादा, जायचं का?" जाच. पण गायिकेवर जीव जडलाय म्हणून जाणार असाल, तर आधी डेन्व्हरचं ऐका.

२८ सप्टेंबर २०१२. कॉलफॅक्स अव्हेन्यूवरचं ऑग्डन थिएटर, १९१७ सालचं, दीडेक हजार माणसांचं. नाइटविशची गायिका अ‍ॅनेट ओल्झन आजारी पडून हॉस्पिटलात होती. कार्यक्रम रद्द करण्याऐवजी बँडनं ओपनिंग बँड कॅमेलॉटबरोबर दौऱ्यावर असलेल्या दोघींना उभं केलं: स्वीडनची एलिझे रीड आणि कॅनडाची अलिसा व्हाइट-ग्लुझ. तयारीला वेळ जवळपास नव्हताच, म्हणून गाण्यांचे कागद हातात. मीही तिथे होतो, माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा वायोमिंगहून गाडी हाकत आला होता. पहिली दोन गाणी तो हाताची घडी घालून, तोंड पाडून उभा होता. नंतर तोच दोघींना शब्द पुरवल्यासारखा गळा काढून गायला लागला.

मला त्या रात्री दोघींचं धाडस आवडलं, पण त्यांची कोंडी कुठे होती तेही दिसलं. या संगीतातला ऑर्केस्ट्रा मंचावर नसतो. नाइटविशच्या 'इमॅजिनेरम' अल्बमचे व्हायोलिन, ब्रास, कोरस लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले. दौऱ्यावर ते ट्रॅकवरून वाजतात, आणि ड्रमर कानातल्या क्लिकवर ताल धरून सगळ्यांना त्याच्याशी बांधून ठेवतो. आपल्याकडे ऐनवेळी गायक बदलला तर तंबोरे नव्यानं लावतात, काळी एकऐवजी पांढरी चार धरतात. इथे ती सोय नाही. लय आणि पट्टी आधीच ठरलेली. बदली गायिकेनं आपला गळा त्यात बसवायचा. शिवाय डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ आणि कोरडी. लांब स्वर तिथे सरावलेल्यालाही जड जातो.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनेट सॉल्ट लेक सिटीत गायली. आपल्या जागी कोणाला उभं करावं हे आपल्याला विचारलं नव्हतं, अशी नाराजी तिनं जाहीर लिहिली होती. १ ऑक्टोबरला बँड आणि ती वेगळे झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याच दिवशी सिएटलला हॉलंडची फ्लोर यान्सन उभी राहिली. २०१३ मध्ये ती कायमची झाली. चूक कोणाची, हा वाद मी घालत नाही. डेन्व्हरहून सॉल्ट लेकला जायचं म्हणजे रॉकी पर्वत ओलांडून पाचशेच्यावर मैल, तिथून सिएटल आणखी लांब, आणि जवळजवळ रोज रात्री कार्यक्रम. असल्या दौऱ्यात आजारपणाला जागाच नसते. म्हणून रचना आवडत असतील तरच पैसे घाला. या बँडमध्ये गाणी मुख्यतः कीबोर्डवाल्या टुओमास होलोपाइनेनची, आणि तो १९९६ पासून तिथेच आहे.

उभं कुठे राहायचं, यावर मात्र माझं कोणाशीच पटत नाही. सगळे कठड्याला चिकटायला तीन-चार तास आधी रांग लावतात. तिथे गायिकेच्या बुटाची नाडी दिसते, पण मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे आवाज फेकत असतात. पुढच्यांच्या वाट्याला येतात ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प. कोरस आणि व्हायोलिन ऐकायचे असतील तर साउंड मिक्सर बसतो तिथे, त्याच्या अलीकडे उभं राहा. तो जे ऐकून आवाज जुळवतो, तेच तुम्हाला मिळतं. उंची कमी असेल तर बाल्कनी बघा. खाली बहुधा खुर्च्या नसतात.

कानांचं मात्र ऐका. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबानं ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. मेटलचा कार्यक्रम ओपनिंग बँड धरून तीन तास सहज चालतो. फोमचे पिवळे बोळे वरचे स्वर जास्त खातात आणि नेमकी गायिकाच कापसाआड जाते. संगीतासाठी मिळणारे इअरप्लग घ्या, ते सगळंच सारखं खाली आणतात. ओपनिंग बँड सुरू होण्याआधी घाला. कान वाजायला लागल्यावर घालून फार उपयोग नाही.

डेन्व्हरलाच जाणार असाल तर दिवसभर पाणी पीत राहा आणि बिअर नेहमीपेक्षा कमी. त्या उंचीवर नवख्याला गर्दीत चक्कर यायला वेळ लागत नाही, आणि चक्कर आली की हमखास ती शेवटच्या लांबलचक गाण्याच्या वेळीच येते.