सँडपेपरची दाढी

खोटी जाहिरात म्हणजे खोटा दावा करणारी जाहिरात, अशी आपली साधी समजूत असते. पण दावा खरा असून त्याचा दाखवलेला पुरावा बनावट असेल तर? हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

सन १९५९. तिथल्या टीव्हीवर ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची जाहिरात लागत असे. खरखरीत सँडपेपरला (सुतारकाका लाकूड घासतात तो कागद) क्रीम फासायचे आणि लगेच वस्तरा फिरवायचा, की एका फटक्यात वाळू साफ! सँडपेपरची दाढी होते, मग बाबांची का नाही होणार?

प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर वाळू पसरलेली होती. चौकशीत निघाले की तसला खरा सँडपेपर आधी सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागतो. कंपनीची बाजू अशी, की खरा सँडपेपर टीव्हीवर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो, म्हणून नक्कल वापरावी लागली. आणि भिजवल्यावर दाढी होतेच की!

१९६५ मध्ये न्यायालयाने हे मानले नाही. प्रेक्षकाला ‘तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा’ असे सांगायचे आणि दाखवायचे भलतेच, ही फसवणूकच; मग दावा खरा का असेना. त्याच निकालात बटाट्याचा मजेदार दाखला आहे. दिव्यांच्या उष्णतेने आइस्क्रीम वितळते, म्हणून चित्रीकरणात त्याऐवजी उकडून कुस्करलेला बटाटा ठेवला तर चालेल. मात्र ‘पाहा, आमचे आइस्क्रीम किती घट्ट!’ असे त्यावरून सिद्ध करायला निघालात, तर चालणार नाही. इतका बारीक फरक मोठी माणसेसुद्धा सहसा करत नाहीत.

पुढे तिथल्याच कॅम्पबेल कंपनीने सुपाच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या. भाज्या वर आल्या, सूप भरगच्च दिसले. त्या प्रकरणात कायद्याच्या विद्यार्थ्यांनी गट करून दाद मागितली होती. गटाचे नावही ‘सूप’च!

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे हीसुद्धा दिशाभूल धरली आहे. केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या नियमावलीनुसार दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खालची सूचनाही हवी. इथे इंदुरात हे विशेष लक्ष देऊन पाहावे. मोठ्या हिंदी अक्षरांत ‘मुफ्त’ आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हा प्रकार पालकांनीही पाहिला असेल. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

स्वाध्याय : रविवारच्या पेपरमधील एक जाहिरात कापून वहीत चिकटवा. शब्दांत काय सांगितले आहे ते डावीकडे, चित्र पाहून काय वाटते ते उजवीकडे लिहा. भिंग लागले तर आजोबांकडून मागून घ्या.