हुशार आहे, तिचं काय अडतंय?

"हुशार पोरं कुठंही शिकतात. लक्ष द्यायचं ते कच्च्यांकडं." केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि बाकीचे माना डोलावतात. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर गणित-विज्ञान शिकवताना मी ते सतत ऐकत आले. कच्च्या मुलांकडे लक्ष द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा आहे, आणि त्याची किंमत मोजणारी दोन मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल लिहिते आहे ते शिक्षकांसाठी, आणि त्याहून अधिक आई-वडिलांसाठी.

पहिली मुलगी तांड्यावरची. घरात गोरमाटी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची टोळी निघायची, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत यायची. तोवर मार्च-एप्रिल उजाडलेला असायचा. मी बदलीने त्या शाळेत गेले तेव्हा ती सहावीत होती. श्रेणी साधारण, हजेरी जेमतेम, जागा शेवटच्या रांगेत. "तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, मॅडम," असं मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कागदावर ती तशीच दिसत होती.

मी दर वर्षी एक प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते आणि पुसत नाही. 9 म्हणजे 4 अधिक 5. 15 म्हणजे 7 अधिक 8, किंवा 1 पासून 5 पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज. मग कोणत्या संख्या अशा लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून मिळतात आणि कोणत्या मिळत नाहीत? दुसरीतल्या मुलालाही हा प्रश्न सुरू करता येतो, आणि पदवीच्या मुलालाही तो पुरतो. बहुतेकांनी दहा-बारा उदाहरणं करून वही मिटली. काही दिवसांनी मधल्या सुट्टीत ही मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, 1, 2, 4, 8, 16, 32 होतच नाहीत. 64 पण नाही होणार." मी विचारलं, कशावरून? थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "त्यांना कोणत्याच विषम संख्येनं भाग जात नाही. एकानं जातो तेवढाच."

हा जवळजवळ अर्धा पुरावा आहे. तो तिला कुणी शिकवला नव्हता. वहीच्या मागच्या पानांवर तिने शंभरापर्यंतच्या संख्या एकेक करून तपासल्या होत्या.

मग मी मागचे कागद पाहिले. पाचवीत असताना तिचा शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरला होता. त्या वेळी ही परीक्षा पाचवीला असायची, फेब्रुवारीत. फेब्रुवारीत ती उसाच्या फडात वाढे बांधत होती. तिचं प्रवेशपत्र शाळेच्या कपाटात तसंच पडून होतं. नवोदयच्या परीक्षेचंही तेच झालं, तीही हंगामातच आली. नवोदय विद्यालयांत तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी राखीव असतात. ती व्यवस्था जणू अशाच मुलीसाठी केलेली. पण सहावीच्या प्रवेशाची ती परीक्षा एकदाच देता येते. ऊसतोडीचं आणि परीक्षांचं वेळापत्रक एकमेकांवर येतं, एवढ्या एका गोष्टीने दोन दरवाजे बंद झाले होते, आणि त्याची नोंद "गैरहजर" या एका शब्दात उरकली होती.

दुसरा मुलगा अगदी उलट टोकाचा. आधीच्या शाळेतला, गावातला, कौतुकातला. तिसरीपासून त्याला जादा तासाला बसवलेलं. प्रश्नसंच, सराव पेपर, उत्तरपत्रिकेतले गोल काळे करण्याचा वेग, सगळ्यात पहिला. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं आणि एसटी स्टँडवर फोटोसह बॅनर लागला. गुरुजी बैठकीला गेले की पहिली-दुसरीचा वर्ग तोच सांभाळायचा. सहावीत तो माझ्याकडे आला, तेव्हा तोच फळ्यावरचा प्रश्न त्याने वाचला आणि विचारलं, "मॅडम, पर्याय कुठंयत?"

पर्याय नाहीत, शोधायचंय, असं सांगितल्यावर तो गडबडला. दोनदा प्रयत्न केला, चुकला, आणि रडकुंडीला येऊन वही दप्तरात घातली. पुढे असा प्रश्न समोर आला की त्याचं पोट दुखायचं. आठवीपर्यंत त्याने अवघड ते टाळण्याची सवय पक्की करून घेतली. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीत, म्हणजे एनएमएमएसमध्ये, त्याचं नाव आलं नाही. घरच्यांनी मोबाइलला दोष दिला. मला कारण वेगळं दिसतं. सलग काही वर्षं या मुलाला पाच मिनिटांत सुटणार नाही असा एकही प्रश्न कुणी दिला नव्हता. त्याला उत्तराची शाबासकी मिळाली, शोधण्याची कधीच मिळाली नाही. एका मुलीला शाळेने पाहिलंच नाही, आणि या मुलाला फक्त निकालासाठी पाहिलं.

या दोघांनंतर मी ज्या गोष्टी घट्ट धरून ठेवल्या, त्या सांगते.

हुशारी परीक्षेच्या आधी, मुलाच्या प्रश्नांत शोधावी. सुंदर अक्षर, नियमित हजेरी, पटकन वर केलेला हात या चांगल्या गोष्टी आहेत, पण बुद्धीची खूण म्हणून त्यांच्यावर विसंबून राहू नये. कोण स्वतःची वेगळी रीत काढतं, कोण "पण असं का?" म्हणून अडून बसतं, आठवडी बाजारात किंवा टनाच्या हिशेबात कोण मोठ्यांची चूक पकडतं, ते पाहावं. आणि भाषेची भिंत आधी पाडावी. मुंबईत 1974 मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतल्या वंचित मुलांबरोबर काम करताना हेच दाखवून दिलं होतं. विज्ञान कळण्याआड अनेकदा पुस्तकाची भाषा येते, ती सोपी केली की मुलं झेप घेतात. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी म्हटलं, तुझ्या बोलीत सांग. तांड्यावरची दुसरी मुलगी मला अर्थ सांगायची. त्या दिवसापासून माझी विद्यार्थिनी वर्गात बोलायला लागली.

मूल सापडल्यावर बहुतेक शाळा दोन चुका करतात. एकतर त्याला तेच काम दुप्पट देतात. दहा गणितं झाली, मग आणखी वीस कर. ही हुशारीची शिक्षा झाली. किंवा त्याला दुसऱ्यांना शिकवायला बसवतात. शेजारच्याला दहा मिनिटं समजावून सांगणं चांगलं, त्यातून स्वतःलाही कळतं. पण रिकाम्या वर्गावरचा बिनपगारी शिक्षक म्हणून मुलाला वापरू नका. त्याचाही तो शिकण्याचा तास आहे.

मी करते ते असं. धडा सुरू करण्याआधी त्यातली शेवटची चार अवघड उदाहरणं देते. जमली, तर त्या धड्याचा सराव माफ, आणि तो वेळ वेगळ्या प्रश्नासाठी. अमेरिकेत जोसेफ रेन्झुली यांनी अनेक वर्षांपूर्वी ही रीत मांडली. आपल्याकडे तिला ना पैसा लागतो, ना परवानगी. वय पाहून वर्ग ठरतो, त्यामुळे मुलाला वरच्या वर्गात ढकलणं आपल्याकडे सहसा होत नाही, पण एका तासापुरतं बसवायला अडचण नसते. मुख्याध्यापकांशी बोलून मी त्या मुलीला सातवीत असतानाच आठवीच्या गणिताच्या तासाला बसवलं. वाचायला बालभारतीचं 'किशोर' आहे, 1971 पासूनचं, जुने अंकसुद्धा मोफत उघडतात. विज्ञानात स्वतःचं काही करून पाहायचं असेल तर इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात. मात्र ती कल्पना खरोखर मुलाची असू द्या. शिक्षकाने बांधून दिलेलं मॉडेल मुलाच्या हातात देणं मला फसवणूक वाटते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या मुलांना ओळखून शाळेच्या चौकटीपलीकडे नेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचाही आहे. ते प्रशिक्षण आमच्या डोंगरपट्ट्यापर्यंत येईल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसेन. तोवर एका अवघड प्रश्नासाठी शासन निर्णयाची वाट पाहायचं कारण नाही.

आता परीक्षांबद्दल. त्यांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे पैसा मिळतो आणि आमच्या भागात पैशाअभावी मुलगी शाळेतून निघते. एनएमएमएस आठवीत असते, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत किमान 55 टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना ती मिळते, आणि इथे अनेक घरं फसतात. शिष्यवृत्ती लागली म्हणून मुलाला तालुक्याच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलं की ती थांबते. दहावीत 60 टक्के मिळाले नाहीत तरी थांबते, तिथेही तीच सूट. हे आठवीतच घरी सांगून ठेवायला हवं.

आमच्या भागात अभ्यासापेक्षा कागदपत्रंच जास्त मुलांना बाहेर ठेवतात. माझी विद्यार्थिनी आठवीत असताना आम्ही पोळ्याच्या सुमारासच तिच्या आई-वडिलांना गाठलं. उत्पन्नाचा दाखला टोळी निघायच्या आत तहसीलमधून काढला. आजी तांड्यावर राहणार होती, म्हणून हंगामी वसतिगृहात तिचं नाव घातलं, म्हणजे दोन वेळचं जेवण गावातच. हंगामात ती पहिल्यांदाच गावात राहिली आणि डिसेंबरात पेपरला बसली. निवड झाली. त्यानंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती केली नाही तर यादीत नाव असूनही पैसे येत नाहीत. ओटीपी गेला मुकादमाच्या फोनवर, कारण वडिलांनी शाळेत तोच नंबर दिला होता. उसाच्या फडातल्या मुकादमाला गाठून सहा आकडे मिळवायला आम्हाला दोन दिवस लागले.

तेव्हा शिक्षकांनो, फॉर्मवर हंगामात गावात राहणाऱ्या माणसाचा नंबर लिहा, आणि बँक खातं मुलीच्या नावाचं व आधारला जोडलेलं आहे का ते गणपतीच्या आधी तपासा. तिला गावात ठेवता येत नसेल, तर शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाशी स्वतः फोनवर बोला. ही मुलगी कशात हुशार आहे ते त्यांना सांगा, नुसतं नाव कळवू नका.

आणि आई-वडिलांनो, पालक सभेला गेलात की "पोरगी कितवी आली?" एवढंच विचारून उठू नका. "या महिन्यात तिला काय अवघड गेलं?" असं विचारा. "काहीच नाही, सगळं येतं तिला," असं उत्तर आलं, तर तिथेच बसा आणि पुढच्या महिन्यात तिला काय देणार ते गुरुजींकडून ठरवून घ्या.