दिव्यांग आणि युद्धकला: निवड, सराव आणि सावधगिरी

शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला ज्युदो, कराटे किंवा तायक्वांदो जमेल का, ही शंका स्पर्धांनीच निकालात काढली आहे. दृष्टिबाधितांचा ज्युदो १९८८च्या सोल पॅरालिम्पिकपासून खेळला जातो. पॅरा तायक्वांदो २०२१ साली झालेल्या टोकियो स्पर्धेत दाखल झाला. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये मध्य प्रदेशातील सीहोरच्या कपिल परमारने ६० किलो वजनाच्या जे१ गटात कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिक ज्युदोतले भारताचे ते पहिले पदक. खरा प्रश्न रोजच्या क्लासचा आहे: कोणती कला घ्यावी, काय तपासून घ्यावे आणि सराव कशाने सुटतो. अनुभवी सरावकर्त्यांना धास्ती असते ती समोरच्याच्या फटक्याची कमी आणि अंगावर काढलेल्या दुखण्याची जास्त. पुढच्यास ठेच लागली की मागच्याने शहाणे व्हावे, एवढ्यासाठी पुढील माहिती.

कलेची निवड

निवड करताना प्रमाणपत्रावरील टक्केवारी बाजूला ठेवून शरीराला आज काय जमते ते पाहावे. एक हात नसेल किंवा अधू असेल तर तायक्वांदो सोयीचा पडतो. पॅरा तायक्वांदोच्या लढतीत छातीवरच्या कवचाला बसलेल्या लाथेलाच गुण मिळतात. हाताच्या ठोशाला गुण नाहीत आणि डोक्यावर लाथ मारण्यास बंदी आहे. दृष्टी नसेल तर ज्युदो जवळचा. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत पंचाने ‘हाजिमे’ म्हणण्याआधीच दोघांनी एकमेकांची कॉलर आणि बाही धरलेली असते. पकड पूर्ण सुटली की लढत थांबवून दोघांना पुन्हा मध्यभागी आणतात. समोरच्याचा तोल कुठे गेला हे बोटांना कापडातूनच कळते.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी कराटेतील काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, हा चांगला मार्ग आहे. जागतिक कराटे स्पर्धेत २०१४ पासून पॅरा कराटेचे गट आहेत आणि ते सर्व कातावरच घेतले जातात. व्हीलचेअर तलवारबाजी तर १९६०च्या रोम पॅरालिम्पिकपासून आहे. तीत खुर्च्या चौकटीला पक्क्या बांधलेल्या असल्यामुळे सारी लढत धड आणि हात यांच्यावर चालते. मल्लखांब ही युद्धकला नसली तरी कुस्तीचा जुना जोडव्यायाम आहे. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दादरच्या कमला मेहता अंधशाळेतील मुलींना तो शिकवला. पकड आणि अवकाशाचा अंदाज तयार करायला त्याचा उपयोग होतो.

डॉक्टरांना काय विचारावे

‘फिट आहे’ एवढ्या दाखल्यावर भागत नाही. कोणत्या हालचाली टाळायच्या, हे स्पष्ट विचारून घ्यावे. डोळ्याचा पडदा कमजोर असेल किंवा चष्म्याचा उणे नंबर फार मोठा असेल तर नेत्रतज्ज्ञाच्या परवानगीशिवाय डाव टाकण्या-घेण्याचा सराव नको. हादऱ्याने पडदा सुटू शकतो. सेरेब्रल पाल्सीत झटका देऊन ताणल्यास स्नायू उलट अधिक आवळतात, म्हणून वॉर्मअप सावकाश हवा. लहानपणी पोलिओ झालेल्यांना मध्यम वयात नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. त्यांनी अंग मोडेपर्यंत मेहनत करू नये. दुसऱ्या दिवशीही थकवा उरला तर सराव जास्त झाला असे समजावे.

मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर आणखी एक धोका असतो. तुंबलेली लघवी, आवळलेला पट्टा किंवा न जाणवलेली जखम यांमुळे रक्तदाब एकदम चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी व्यक्तीला ताठ बसवावे, पट्टे सैल करावेत, मूत्रनळी दुमडली आहे का पाहावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. छत्तीसगडमधील रायपूरच्या वाचकांना तिथल्या एम्सच्या पुनर्वसन विभागात असा सल्ला मिळू शकतो.

कृत्रिम पाय आणि मॅट

मॅटवर सगळे अनवाणी असतात आणि इथेच पहिली गफलत होते. बुटासाठी जुळवलेल्या कृत्रिम पायात बुटाच्या टाचेची उंची धरलेली असते. बूट काढला की तेवढी उंची कमी होते, माणूस मागे झुकतो आणि गुडघा मागे ढकलला जातो. क्लासमध्ये याला ‘स्टान्स चुकतोय’ म्हणतात; दोष असतो पायाच्या जुळवणीचा. १९६८ साली तयार झालेला जयपूर फूट अनवाणी चालण्यासाठी आणि उकिडवे बसण्यासाठीच घडवलेला आहे, त्यामुळे तो मॅटवर सोयीचा ठरतो. रायपूरजवळ माना कॅम्प येथे समाजकल्याण विभागाचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथल्या तंत्रज्ञाला पाय कशासाठी वापरणार ते सांगून जुळवणी करून घ्यावी. कृत्रिम पायावर गिरकी घेऊ नये, कारण पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्याला किंवा सॉकेटमधल्या कातडीला बसतो. जोडीदाराबरोबर सराव करताना या पायाने लाथ मारू नये, आणि त्याचे कठीण भाग फोमने झाकावेत.

आधी पडणे, मग पाडणे

पहिले काही महिने पडण्याच्या सरावाला द्यावेत. सुरुवात पाठीवर झोपून, मग बसून, मग गुडघ्यावरून. उभ्याने पडणे सर्वांत शेवटी. हनुवटी छातीला लावण्याची सवय आधी लागली पाहिजे, म्हणजे डोके आपटत नाही. एक हात नसलेल्या व्यक्तीने त्या बाजूला पडताना हाताऐवजी खांदा आणि पाठ यांवर गोल वळायला शिकावे. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला खुर्ची उलटली तर काय करायचे, हे शिक्षकाने आधार देऊन शिकवले पाहिजे. स्वसंरक्षणाच्या दृष्टीनेही हाच भाग सर्वांत कामाचा आहे, कारण रस्त्यावर घसरण्याचे प्रसंग हल्ल्यांपेक्षा अधिक येतात.

सराव कसा सुटतो

गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्यांच्या बाबतीत घटनाक्रम बहुधा ठरलेला असतो. उन्हाळ्यात लायनरच्या आत घाम साचतो. उरलेल्या पायाच्या टोकाला रुपयाएवढा लाल चट्टा उठतो. पंधरा-वीस मिनिटे पाय काढून ठेवल्यावरही लाली गेली नाही, तर ती धोक्याची खूण असते. पण बेल्टची परीक्षा तोंडावर असते, सरांना सांगायचा संकोच असतो आणि ‘याला झेपत नाही’ हे ऐकायची भीती असते. चट्ट्याचा फोड होतो, फोडाची जखम होते आणि मग ती भरेपर्यंत पायच घालता येत नाही. युद्धकला दूरच, नोकरीवर जाणेही बंद होते. दोन दिवसांची विश्रांती टाळल्याची किंमत कित्येक आठवड्यांनी चुकवावी लागते.

यावर उपाय साधा आहे. क्लासच्या मध्ये एकदा लायनर काढून पुसावा, कोरडा जोड सोबत ठेवावा, घरी गेल्यावर हातातल्या आरशात कातडी पाहावी. पायांना किंवा बैठकीला संवेदना नसलेल्यांनीही रोज ही तपासणी करावी.

रायपूरचा उन्हाळा आणि सिकल सेल

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. मणक्याच्या इजेमुळे अंगाच्या बऱ्याच भागाला घाम येत नसेल तर शरीर तापत जाते आणि ते कळतही नाही. अशांनी पहाटेची बॅच घ्यावी, ओला पंचा मानेवर ठेवावा आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. छत्तीसगडमध्ये सिकल सेल या रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजारही येतो. पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि थंडी यांनी त्यात वेदनेचा झटका येऊ शकतो. खुब्याचे हाडही खराब होऊ शकते. मांडीच्या सांध्यात दुखत असताना लाथा मारणे किंवा उड्या मारणे थांबवून तपासणी करून घ्यावी.

क्लास आणि शिक्षक

क्लास पाहायला जाताना पायऱ्या, स्वच्छतागृह आणि मॅटची कडा पाहावी. पण त्याहून महत्त्वाचा शिक्षक. फार दया दाखवणारा काही शिकवत नाही आणि ‘तुला काही झालेलंच नाही’ म्हणणारा जखमी करतो. ‘कुठे दुखतं, काय जमत नाही?’ असे जो एकांतात विचारतो आणि त्याप्रमाणे डाव बदलतो, तो योग्य. थांबण्याची खूण, म्हणजे जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप, आधी ठरवावी. ऐकू न येणाऱ्या किंवा दृष्टी नसलेल्या जोडीदारासाठी ती स्पर्शाचीच असावी. परीक्षेत कोणत्या हालचालींना पर्याय मिळेल, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे. कुणी दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारत असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३० दाखवावे. खेळात दिव्यांगांचा सहभाग सुकर करण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. रायपूरमधील मराठी कुटुंबांना चौकशीची सुरुवात चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळापासून करता येईल. मंडळ दिव्यांग मुलींसाठी वसतिगृहही चालवते.

थांबणे आणि बदलणे

पॅरालिम्पिकमधील भारताची पहिली तायक्वांदोपटू अरुणा तंवर हिने टोकियोत दुखापतीमुळे रेपेशाजची, म्हणजे हरलेल्यांना पुन्हा संधी देणारी, लढत सोडली. सर्वोच्च स्पर्धेतही माघार घ्यावी लागते, मग गल्लीतल्या क्लासमध्ये एक तास बसून पाहण्यात कमीपणा नाही. कधी खेळच बदलावा लागतो. सांगलीचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धातील गोळ्यांनी अपंगत्व आल्यावर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. ठरावीक काळाने, निदान वर्षातून एकदा, डॉक्टर आणि शिक्षक या दोघांसोबत बसून सरावाचा आढावा घ्यावा. वेदना वाढली असेल किंवा तोल कमी झाला असेल तर तीव्रता घटवावी, कला बदलावी किंवा फक्त काता आणि पडण्याचा सराव चालू ठेवावा.