सातातला एकच खरा

चूक माझीच होती, असं आमच्या घरात दोन वर्षं बोललं जातंय. म्हणून आधी हे सांगते, की मी फुटपाथवर खडे घेतले नव्हते. जयपूरच्या जोहरी बाजारातलं दुकान होतं, गादीवर बसवून चहा दिला होता, आणि नगाची परीक्षा माझ्या डोळ्यांसमोर झाली होती. मी फसले ती त्या परीक्षेमुळेच.

लेकीच्या कुड्यांसाठी दोन आणि पदकासाठी पाच, असे सात रोडोलाइट हवे होते. रोडोलाइट म्हणजे गुलाबी, किंचित जांभळट गार्नेट. पातळ कोकम सरबताचा रंग. पायरोप आणि अल्मंडाइन या दोन गार्नेटांचं ते नैसर्गिक मिश्रण. आपल्याकडे ओडिशात सापडतं, पूर्व आफ्रिकेतूनही येतं. पत्रिकेतला गोमेद हाही गार्नेटच, पण तो वेगळ्या जातीचा. एवढा अभ्यास मी करून गेले होते.

दुकानदाराने वाडग्यात पाणी घेतलं, थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवला, पुडीतून चिमट्याने एक नग उचलून त्यावर ठेवला आणि जवळ निओडिमियमचं चुंबक आणलं. थर्माकोल नगासकट चुंबकाकडे सरकलं. गार्नेटमध्ये लोह असतं, म्हणून ते ओढलं जातं. साधी काच किंवा माणिक ओढलं जात नाही. परीक्षा खरी होती. नग मात्र त्याने निवडला होता. ११.४ कॅरट, कॅरटला १,५०० रुपये. मी १७,१०० रुपये रोख मोजले.

घरी आल्यावर नणंदेला तोच प्रयोग दाखवायला बसले. पहिला नग जागचा हलेना. चुंबक कमजोर असेल असं वाटलं. दुसरा नाही, तिसरा नाही, चौथाही नाही. पाचवा ठेवला आणि थर्माकोल सरळ चुंबकाला येऊन चिकटलं. त्या क्षणी माझ्या पोटात खड्डा पडला, कारण चुंबकात काही खोट नव्हती हे तेव्हा कळलं. उरलेले दोनही ढिम्म. नणंद काही बोलली नाही, वाडगं उचलून आत घेऊन गेली.

आमच्या सोनाराने दहापट भिंगातून पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत गोल बुडबुडे, पैलूंच्या कडा झिजल्यासारख्या बोथट. प्रयोगशाळेचा निकालही तोच आला. एक नैसर्गिक रोडोलाइट, सहा काचा.

फोन केला तर दुकानदार म्हणाला, "बहनजी, आपने खुद देखके लिया था." वर चिठ्ठी वाचायला सांगितली. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'गुलाबी नग ७'. गार्नेट हा शब्दच नव्हता. पैशांपेक्षा मला आजही जास्त झोंबतं ते हे, की चहा पाजताना त्याने ती चिठ्ठी विचार करून लिहिली होती.

म्हणून सांगते. परीक्षेचा नग तुम्ही निवडा, आणि सगळे तपासून घ्या, सात असोत की सत्तर. चुंबक स्वतःचं न्या. पण नुसत्या चुंबकावर विसंबू नका, काही रंगीत काचाही ओढल्या जातात. भिंगातून नगाच्या आरपार मागच्या पैलूंच्या कडा पाहा. त्या दुहेरी दिसल्या तर ते गार्नेट नाही, टूर्मलीन असू शकतं. एकेरी दिसल्या म्हणून खूश होऊ नका, काचेतही एकेरीच दिसतात. खात्री करायची तर वक्रीभवनांक मोजणाऱ्या यंत्रावर. रोडोलाइटचा साधारण १.७६ येतो, साध्या काचेचा बराच कमी. माणकाचा जवळपास तेवढाच असतो, पण माणिक प्रकाशाची दोन किरणं करतं, गार्नेट करत नाही.

नग दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका, दारात उजेडात आणा. आणायला आढेवेढे घेतले तर उठा. घाई करू नका, ओळखीच्या माणसाला सोबत न्या, हे सगळे सांगतातच. पण पावतीवर 'नैसर्गिक रोडोलाइट गार्नेट', नगांची संख्या, वजन आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्या, आणि प्रयोगशाळेत वेगळं निघालं तर पैसे परत, हेही. लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याशी भाव करत बसायचं कारण नाही. भाव कमी करून घेण्यात मी अर्धा तास घालवला होता. तो अर्धा तास उरलेले सहा नग वाडग्यात ठेवायला पुरला असता.

लेकीच्या कुड्या शेवटी नुसत्या मोत्यांच्या केल्या. पाचवा नग माझ्या नथीत बसवलाय. सहा काचा त्याच पुडीत आहेत, चिठ्ठीसकट.