फायटर माशाचे फाटलेले पर : निदान, पाणी आणि पुनर्वाढ

बेट्टा स्प्लेंडेन्स हा भारतीय बाजारात ‘फायटर’ या नावाने ओळखला जाणारा मासा मूळचा थायलंडमधील भातखाचरे व संथ पाणथळींचा रहिवासी आहे. थायलंडने २०१९ मध्ये त्यास राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. लॅबिरिंथ या विशेष श्वसन अवयवामुळे तो पृष्ठभागावरील हवा घेऊ शकतो. परिणामी बिघडलेल्या पाण्यातही तो काही काळ तग धरतो आणि पालकाला दोष उशिरा कळतो. परांच्या कडा झिजणे हे बहुधा त्याचे पहिले दृश्य लक्षण असते.

बंगळुरूची परिस्थिती

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथील पहाटेचे तापमान १५ ते १६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तर फायटरला २५ ते २८ अंशांचे पाणी मानवते. थंड पाण्यात माशाची रोगप्रतिकारशक्ती व पेशींची वाढ दोन्ही मंदावतात. शहरात कावेरीचे क्लोरीनयुक्त पाणी आणि बोअरवेलचे कठीण पाणी, असे दोन्ही वापरले जाते. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेल्यास अमोनियाच्या विषारी स्वरूपाचे प्रमाण सुमारे नऊ पटींनी वाढते. नाशिक-निफाडसारख्या थंड भागांत शोभिवंत मासे पाळणाऱ्यांनाही याच अडचणी येतात.

प्रथम निदान

पिकावरील कीड ओळखल्याशिवाय फवारणी करू नये, हे तत्त्व येथेही लागू पडते.

१. सरळ चीर, स्वच्छ कडा : प्लास्टिकची झाडे, खडबडीत दगड किंवा गाळणीचा जोरदार प्रवाह यांमुळे झालेली इजा.

२. एका रात्रीत अर्धगोलाकार तुकडा नाहीसा होणे : माशाने स्वतःच शेपटीचा चावा घेतलेला असणे किंवा सोबतच्या माशाने लचका तोडणे.

३. कडा काळपट, तपकिरी वा लालसर होऊन दिवसागणिक आत सरकणे : एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारख्या संधिसाधू जिवाणूंमुळे पर कुजणे.

४. कापसासारखा पांढरा थर व झपाट्याने खालावणारी प्रकृती : फ्लेव्होबॅक्टेरियमचा अथवा बुरशीचा प्रादुर्भाव. येथे तातडीने तज्ज्ञ सल्ला घ्यावा.

परांच्या किरणांचा बुडखा शाबूत असल्यास पर पुन्हा वाढतो. नवी वाढ आरंभी पातळ व पारदर्शक दिसते. तिला रोग समजून औषध सुरू करण्याची चूक अनेकांकडून होते. किरकोळ चीर एक-दोन आठवड्यांत सांधते. मोठ्या हानीस एक ते दोन महिने लागू शकतात.

उपचाराचा क्रम

• काचेच्या गोल भांड्याऐवजी किमान १० लिटरची झाकण असलेली टाकी वापरावी. टोकदार सजावट काढून टाकावी. परांना ओढ बसणार नाही अशी मंद स्पंज गाळणी बसवावी.

• अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी संचाने तपासणी करावी. दोन्ही शून्य असावेत.

• पहिला आठवडा दररोज २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त करून घ्यावे व त्याचे तापमान टाकीतील पाण्याशी जुळवावे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू त्यात वास्तव्य करतात.

• थंडीत हीटर व थर्मामीटर वापरून तापमान स्थिर राखावे.

• पर कुजत असल्यास दर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ आधी विरघळवून, सात ते दहा दिवस द्यावे. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. म्हणून पाणी बदलताना केवळ बदललेल्या पाण्यापुरतेच घालावे.

• बदामाच्या झाडाचे (टर्मिनालिया कॅटाप्पा) वाळून गळालेले स्वच्छ पान टाकीत ठेवता येते. त्यातील टॅनिनमुळे सामू किंचित घटतो. झाडावर कीटकनाशक फवारलेले नसल्याची खात्री करावी.

कीटकनाशके आणि जिवंत खाद्य

डास व झुरळांवरील घरगुती द्रावणांत, फवाऱ्यांत ट्रान्सफ्लुथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड रसायने असतात. माशांच्या शरीरात त्यांचे विघटन फार संथ होते, त्यामुळे अत्यल्प मात्राही घातक ठरते. टाकीच्या खोलीत फवारणी टाळावी. कुंड्यांवर कीटकनाशक मारल्यानंतर हात धुतल्याविना टाकीत घालू नयेत.

डासांच्या अळ्या फायटर आवडीने खातो. तथापि गटारातील अळ्यांसोबत रोगजंतू व अळीनाशकांचे अंश येतात, आणि घरी साठवलेल्या अळ्यांतून डेंग्यूवाहक एडिस डास बाहेर पडू शकतात. कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या प्रदूषित चिखलातून गोळा केलेल्या असल्यास त्यांत जड धातू साचलेले असू शकतात. विश्वसनीय गोठवलेले खाद्य किंवा स्वच्छ टाकीत वाढवलेले डॅफ्निया द्यावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य दिवसातून दोनदा पुरते. उरलेले काढून टाकावे.

प्रतिजैविके केव्हा?

माणसांसाठीच्या टेट्रासायक्लिन कॅप्सूल टाकीत रिकाम्या करण्याची प्रथा घातक आहे. मात्रा अनिश्चित राहते, गाळणीतील उपयुक्त जिवाणू मरून अमोनिया वाढू शकतो आणि सांडपाण्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू पसरण्यास हातभार लागतो. कुज शरीरापर्यंत पोचल्यास, मासा खाणे सोडल्यास किंवा स्वच्छ पाण्यातही आठवडाभरात सुधारणा न झाल्यास मत्स्यतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बंगळुरूजवळ हेसरघट्टा येथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेचे (सीफा) प्रादेशिक संशोधन केंद्र आहे; महाराष्ट्रात रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत.

शोभिवंत मत्स्यपालन जोडव्यवसाय म्हणून स्वीकारणाऱ्या शेतकऱ्यांना विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाचे नाव सांगण्यापूर्वी पाण्याचे तापमान, सामू आणि अमोनिया या तीन नोंदी मागाव्यात. बहुतांश प्रकरणांत दोष या नोंदींतच आढळतो आणि तो दूर होताच पर आपोआप वाढू लागतो.