‘सब एमएस ही है!’

बनारसच्या लोहटिया बाजारातला तो दुकानदार अजूनही मला बघितलं की ‘का गुरू!’ करून हाक मारतो. निर्लज्जपणाची कमाल आहे.

ब्रह्माघाटावरच्या आमच्या घराच्या गच्चीवर माकडांसाठी जाळी आणि शेजारी टाकीचा स्टँड करायचा होता. चिठ्ठीवर मी स्वच्छ लिहून दिलं होतं : दोन इंची पाइप, आयएस 1239, बी क्लास. बिलावर आलं नुसतं ‘एमएस पाइप’. विचारलं तर उत्तर, ‘अरे गुरू, सब एमएस ही है!’

यात खोटं काहीच नाही, हीच तर मखलाशी. माइल्ड स्टील म्हणजे कमी कार्बनचं पोलाद, एवढंच. जाडी किती, ताकद किती, ते मानकात लिहिलेलं असतं. 1239 मधले ए, बी, सी तिन्ही क्लास त्याच पोलादाचे आणि बाहेरून सारखेच दिसणारे. फरक पत्र्याच्या जाडीत. दोन इंचीला ए 2.9 मिलिमीटर, बी 3.6, सी 4.5. ओळखीचे पट्टे अनुक्रमे पिवळा, निळा, लाल.

माझ्या पाइपांवर निळा होता. वेल्डरने पहिला पाइप कापला, तोंडाकडे बघितलं आणि काही न बोलता लेथवाल्याकडून व्हर्नियर मागवला. 2.9! बी क्लासला दहा टक्के घट चालते, ती धरली तरी 3.24 च्या खाली जाता येत नाही. पट्टा नखाने खरवडला, खालून पिवळा निघाला.

दुकानदाराने पान दुसऱ्या गालात सरकवलं. ‘बिल में बी क्लास लिखा है क्या?’ नव्हतं. बिल लिहिणारा तोच.

तेव्हा बिलावर आयएस नंबर आणि क्लास लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. काट्यावर घाला : दोन इंची, सहा मीटरचा बी क्लास तीस किलोच्या आसपास भरतो, ए साडेचोवीस. भार पेलायचा असेल तर 1161 चा पाइप मागा. त्यात वायएसटी 210, 240, 310 असे ग्रेड आहेत. आकडा यील्डचा, मेगापास्कलमध्ये. कुणी ‘अमेरिकन ए53 ग्रेड बी’ म्हणून भाव चढवला तर त्याचीही यील्ड 240च, हे ऐकवा. आणि ग्रेड बी म्हणजे बी क्लास नव्हे; ग्रेड ताकदीचा, क्लास जाडीचा. दुकानदार ओळखीचा बघावा, असंही लोक सांगतात. हा ओळखीचाच होता.

बरीच हुज्जत घातल्यावर अखंड पाइप त्याने परत घेतले. कापलेला मात्र भंगाराच्या भावाने. विकताना फुटावर मोजला होता, घेताना काट्यावर घातला.