बरगे बसायच्या आत

पोरी, खोली बघायला आलीस तेव्हा तू आधी भाडं विचारलंस, मग नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलंस. तिसरा प्रश्न राहिला. कोल्हापुरात नदीच्या अंगाला कुठंही खोली बघताना तो आधी विचारायचा: “एकोणीसला पाणी कुठवर आलंतं?” साल पुरं सांगावं लागत नाही. समोरचा माणूस भिंतीपाशी जातो आणि हात वर करून जागा दाखवतो. कुणी छातीएवढी दाखवतो, कुणी दाराच्या चौकटीवर हात टेकवतो. २००५, २०१९, २०२१ अशा तिन्ही पुरांच्या खुणा लोकांच्या हातात आहेत. आपली गल्ली चढावर आहे, म्हणून इथं तुला काळजी नाही. पण उद्या दुसरीकडं बिऱ्हाड करशील, तेव्हा रंग दिलेली भिंत बघून भुलू नकोस. शेजारच्या म्हातारीला विचार. ती खोटं सांगत नाही, कारण तिनं गाळ काढलेला असतो.

हे सगळं मी सांगतोय, कारण चौतीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या नद्यांचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवलं. पदवी माझ्याकडं नाही. माझ्या आधी हे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला सायकलच्या कॅरेजवर बर्फाची पेटी कशी बांधायची इथपासून शिकवलं. आता तू याच कामाला लागलीयस, म्हणून त्यानं दिलं ते मी तुला देतो. पर्यावरणशास्त्राची पुस्तकं तू वाचलीयस. त्यात हे नसणार, कारण हे फक्त कोल्हापूरचं आहे.

इथलं वर्ष दोनच भागांत पडतं: बरगे बसलेले आणि बरगे काढलेले. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि मधल्या गाळ्यांत फळ्या सरकवतात, त्या फळ्या म्हणजे बरगे. पाऊस ओसरला की ते बसवतात आणि पावसाळ्याआधी काढून घेतात. बरगे बसले की वाहती पंचगंगा डबक्यांची माळ होते. एका बंधाऱ्यापासून दुसऱ्या बंधाऱ्यापर्यंत पाणी उभं राहतं. आणि त्याच सुमाराला साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. शहरांचं सांडपाणी तर बारा महिने येतच असतं. म्हणजे नदीला ज्या महिन्यांत वाहता येत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्यात जास्त पडतं. तुझ्या सगळ्या आकड्यांखाली हे एक गणित आहे. खाली शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो तो या हंगामात किंवा पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर, जेव्हा साठलेलं सगळं एकदम पुढं सरकतं. म्हणून वहीत तारखेपुढं आणखी एक रकाना आख. बरगे आहेत की नाहीत, किती गाळे उघडे आहेत, कारखाना चालू आहे की बंद, एवढं त्यात लिही. नुसती तारीख लिहिलेला आकडा दोन वर्षांनी तुलाच उमगणार नाही.

दुसरा रकाना नक्षत्राचा. हसू नकोस. गावातला माणूस तुला “बावीस जुलैला पाणी आलं” असं सांगत नाही, “म्हाताऱ्यात आलं” असं सांगतो. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. २०२१ चं पाणी म्हाताऱ्यातलं, २०१९ चं आश्लेषातलं. नक्षत्रं पाठ असतील तर पन्नास वर्षांची आठवण तुझ्या वहीत तारखेसकट उतरेल. नसतील तर समोरचा बोलत राहील आणि तू नुसती मान हलवशील.

आता बाटलीचं. विरघळलेल्या ऑक्सिजनची तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली तीनदा त्याच पाण्यानं खंगाळायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे तुला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते वेळेचं. रंकाळा तळ्यावर दुपारी तीनला गेलीस तर पाणी निरोगी दिसेल. हिरवं शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, आणि रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. खरं काय ते सूर्य उगवायच्या आधी कळतं. तेव्हा पहाटे साडेपाचला संध्यामठाच्या बाजूला जा. आमचे साहेब लोक दहाच्या पुढं निघायचे आणि कागदावर तळं छान दिसायचं. हे मला आजही सलतं. मी पहाटेचा नमुना आणायचो, पण तो फक्त माझ्या वहीत राहायचा.

मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड मात्र जागेवरच घाल, घरी आणून नव्हे. साका तपकिरी बसला तर पाण्यात जीव आहे. मी एकदा खालच्या अंगाच्या एका बंधाऱ्यावर दोन्ही द्रावणं घातली आणि साका पांढराशुभ्र राहिला. बाटलीत दोष असेल म्हणून दुसरी भरली, तिसरी भरली. तिन्ही पांढऱ्या. पाण्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता. काठावर एक बाई धुणं धूत होती, ती म्हणाली, “दोन दिस झालं मासं वर तोंड काढत्यात.” माझ्या बाटलीआधी दोन दिवस तिला कळलं होतं. तेव्हापासून मी घाटावर पोचलो की पहिल्यांदा धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचो: फेस जास्त येतोय का, अंगाला खाज सुटतेय का, म्हशी पाण्यात उतरतात का? म्हैस नाही म्हणाली तर पेन उघडायचं.

वास ओळखायची सवय तुला आहे. तुझे बाबा कोलकात्याच्या बौबाजारात गलाईचं काम करतात. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर पांगली ती सोनं-चांदी आटवायच्या याच कसबावर. आम्लाचा धूर नाकाला किती लवकर सवयीचा होतो हे तुला सांगायला नको. भट्टीपाशी बसलेल्याला तो येत नाही, दारातून आत येणाऱ्याला येतो. नदीचंही तेच. सहा महिन्यांत मळीमिश्रित पाण्याचा वास तुला येईनासा होईल. म्हणून दिवाळीला आझाद हिंद एक्स्प्रेसनं घरी जाऊन आलीस की पहिल्याच सकाळी, सामान सोडायच्या आधी, घाटावर जाऊन ये. नाक कोरं असतं. त्या दिवशी जे वाटेल ते लिहून ठेव.

शहराचं सांडपाणी वाहणारा जयंती नाला बघून तू परवा गप्प झालीस. कोलकात्याच्या पूर्वेला दलदलीत सांडपाण्यावर मासे पोसतात, भाजी पिकवतात, हे तू काकूला सांगत होतीस तेव्हा मी ऐकत होतो. ते इथं जसंच्या तसं होणार नाही, कारण इथं तेवढी सखल जागा नाही आणि चढउतार फार. कसबा बावड्याला रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे, ते आधी पायी फिरून बघ. नाला कुठं अडवलाय, उपसा कुठून होतो, आणि जोराच्या पावसात अडवलेलं पाणी कुठून ओसंडतं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाशी वाद घालू नकोस.

आणि शेतकऱ्याशी बोलताना एक जपायचं. कारखान्याच्या सांडपाण्यानं ज्याची विहीर लाल झाली तोच माणूस त्या कारखान्याचा सभासद असतो. त्याचा ऊस तिथंच जातो, पोरीचं लग्न त्याच बिलावर होतं. त्याला “तुम्ही गप्प का बसता?” असं विचारायचं नाही. पाणी माग, प्यायला. तांब्या पुढं करताना तो घुटमळला तर तुला उत्तर मिळालं. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं गेली. त्यानंतर या पट्ट्यात पाण्याबद्दल विचारणाऱ्या माणसाकडं लोक आशेनं बघतात. त्या आशेचं ओझं असतं. होणार नाही ते कबूल करू नकोस. अहवालाची प्रत मात्र न चुकता नेऊन दे. नमुना नेणारे पुष्कळ येतात, निकाल सांगायला परत कुणी जात नाही. मीही जायचो नाही. नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत जायला लागलो, तेव्हा मला लोक जेवायला बसवू लागले.

जेवणावरून आठवलं. फिरतीच्या दिवशी तांबडा रस्सा नको. पांढरा घे, भाकरी घे, उरलेली भूक संध्याकाळसाठी ठेव. आठवड्यातून एकदा गंगावेशीत जाऊन म्हशीचं दूध पी, समोर काढलेलं. मोहरीचं तेल हवं असेल तर लक्ष्मीपुरीत विचार, नाहीतर येताना घरून आण. काकूची कांदा-लसूण चटणी आणि तुझं मोहरीचं तेल यांचं जमतं असं परवा तूच म्हणालीस. ते तसं जेवत जा, एकटी असलीस की भात-अंडं करून भागवू नकोस.

कपड्यांचंही सांगतो. इथून पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. एकाच दिवशी दोन्हीकडं जायची वेळ तुझ्यावर येणार. पिशवीत रेनकोट बारा महिने असू दे. एप्रिल-मेमध्येही, वळीव सांगून येत नाही. कोल्हापुरी पायताण घेतलंस ते चांगलं केलंस, पण मृग लागायच्या आत त्याला तेल चोळून कागदात गुंडाळून ठेव. पावसात चामडं कुजतं. दाजीपूरच्या जंगलात जळवा लागतात, तर मिठाची पुरचुंडी जवळ ठेव. वाटेत गवा दिसला तर थांबायचं, त्याला वाट द्यायची, मग निघायचं. फोटो काढायला पुढं जायचं नाही.

पावसाळ्यात सकाळी उठलीस की राजाराम बंधाऱ्याची पातळी बघ. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इथं शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. ३५ च्या पुढं गेली की घरातले हंडे-कळशा भरून ठेव. महापुरात सगळीकडं पाणी असतं आणि नळ कोरडा असतो, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडतात. २०१९ ला आठवडाभर आम्ही टँकरच्या रांगेत उभे होतो. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, तरी मी हंडे भरतोच. शिरोलीला महामार्गावर पाणी आलं की पुण्याकडची वाट बंद होते. भाजी, पेट्रोल, सगळं अडतं. चार दिवसांचं पीठ, मेणबत्त्या, आणि तुझी औषधं असू देत. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, कुणाची परवानगी लागत नाही. आणि इथला पाऊस थांबला म्हणून पाणी लगेच उतरत नाही. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा फुगलेली असली की आपल्या पंचगंगेला पुढं जायला जागा मिळत नाही, ती मागं चढते. त्या फुगीचे दिवस सगळ्यात जड. तेव्हा नमुना घ्यायला पाण्याजवळ जायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. “काकांनी सोडलं नाही,” म्हणून सांग.

बोलण्याचं तू काकूला विचारलंस. गल्लीतल्या पोरी “मी येतो, मी जातो” म्हणतात त्याचं तुला नवल वाटलं. इथं बायका तशाच बोलतात. तू तुझं घरचं बोल, कुणी नाव ठेवणार नाही, सहा महिन्यांत तुझ्याही तोंडात आपसूक ‘जातो’ येईल. रविवारी खोलीत बसून राहू नकोस. गणपतीत तालमीची पोरं वर्गणीला येतील तेव्हा दार लावून घेऊ नकोस. त्यांच्यातलीच दोघं-तिघं पुरात नाव चालवतात, आणि विसर्जनाला नदीऐवजी इराणी खणीवर मूर्ती वळवायला तीच उभी असतात. तुला बाटल्या उचलायला, रात्री-अपरात्री गाडी काढायला तीच उपयोगी पडतील. ओळख आधी करावी लागते.

घरची आठवण आली की बाबांना फोन कर, पण पाण्याचा फोटो पाठवू नकोस. लांब राहणाऱ्या माणसाला काळजी लवकर लागते. जेवणाचं ताट पाठव.

आज बंधाऱ्यावर माणसं आली होती. काठावर बरग्यांचे ढीग मोजून ठेवलेत, दोन-तीन दिवसांत बसवायला घेतील. बसायच्या आत वाहत्या पाण्याचा एक नमुना तुझ्या वहीत हवा, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसं पाणी मिळणार नाही. उद्या पाच वाजता खाली ये. बर्फ मी आणून ठेवलाय, चहाचा थर्मास काकू भरून देईल. जुनी बादली आणि दोरी माळ्यावर आहे, ती आज रात्रीच काढून ठेवतो.